कडूबाईनं विझवलेली चिमणी

या, माय-बापांनो, जरा जवळ सरका. टाळ घटकाभर खाली ठेवा. आज कीर्तनातली नाही, कीर्तनापायी घडलेली गोष्ट सांगतो.

बहात्तरचा दुष्काळ. जामखेडकडच्या आमच्या गावात पाणी नव्हतं, तसं रॉकेलही नव्हतं. कडूबाईचा नवरा गहिनीनाथ आमच्या देवळातला पखवाजी. दिवाळीच्या तोंडावर त्याचं वर्षश्राद्ध होतं. त्या दिवशी त्याच्या नावानं कीर्तन व्हावं, एवढीच त्या माउलीची इच्छा. पण गॅसबत्ती पेटवायची कशावर?

तेव्हा सहादेव विणेकरी उठला. हा कडूबाईचा मानलेला भाऊ, दर भाऊबीजेला तिच्या पाटावर बसणारा. म्हणाला, "घरात जळतं ते देवासाठी वाचवा. एकीनं चूल पेटवावी, बाकीच्यांनी तिच्या चुलीतला इस्तू गवरीवर न्यावा. रोज एक वात कमी करा. वाचंल ते माझ्या घरच्या डब्यात आनून वता."

आळीनं ऐकलं. कडूबाईनं तर तिन्हीसांजेची चिमणीच बंद केली. अंधारात भाकरी थापायची, बोटं पोळून घ्यायची.

शेजारची छबूबाई चिडवायची, "कडे, कालवनात मीठ टाकलंस का राख?"

"राखच आसंल. पर देवाच्या नावाची हाय."

एकदा सहादेवाकडं चहा पिताना ती म्हणाली, "दादा, च्याला रॉकेलचा वास येतोय रं."

"डबा घरातच हाय न्हवं? हाताला लागतो, कपाला लागतो."

तिला पटलं. भावाचं बोलणं ते.

कीर्तनाला देऊळ भरलं. देवळाची बत्ती सांभाळणाऱ्या छगननं सहादेवाच्या डब्यातून गॅसबत्ती भरली, पंप मारला. बत्ती क्षणभर उजळली, फसफसली, विझली. छगननं राहिलेला डबा परातीत ओतला. वर रॉकेलचा तवंग, खाली नुसतं पाणी.

"आरं, प्यायला पानी न्हाई आन् डब्यात कुठनं आलं?" छबूबाई ओरडली.

सहादेवाची बायको पदरात तोंड घालून रडायलाच लागली. "जावई आल्ते... च्या-पान्याला नवा इष्टो पेटवला, डब्यातलंच रॉकेल वतून... मी नको म्हनत हुते."

कडूबाई सहादेवाकडं बघत राहिली. "म्हनून च्याला वास हुता व्हय, दादा?"

तो विण्याच्या तारा पुसत बसला. बुवांनी अंधारातच अभंग धरला. किती गोड गळा! पण जिच्यासाठी धरला, ती उठून गेली होती.

भाऊबीजेला सहादेव आला, जणू काही झालंच नाही. आपणच पाट मांडून बसला, टोपी नीट केली. कडूबाई ओवाळणीचं ताट घेऊन आतून आली. त्याच्या पुढून गेली आणि अंगणात उभी राहून बिजेच्या कोरीला ओवाळू लागली.

"कडू, मी हितं हाय की!"

"जिला भाऊ न्हाई, ती चंद्राला ओवाळती," ती म्हणाली. मागं वळली नाही.

माय-बापांनो, तेल जपून जाळा, ते देवाचंच आहे. पण घरातली वात बारीक कराल, तेव्हा अंधारात बोटं पोळून घेणाऱ्या आमच्या कडूबाईची तेवढी आठवण ठेवा.