साण्यावरचं घमेलं

मित्रांनो, मी एक जुनं भोक आहे. हसा, हसा! पण आमच्या हट्टा गावात कुठल्याही मातीच्या माळवदावर चढून बघा, चुलीच्या बराबर वर माझ्यासारखं भोक असतंच. त्याला साणं म्हणतात. आतला धूर बाहेर आणि बाहेरचा उजेड आत, एवढंच आमचं काम.

मला नामाजीनं पाडलं. नवी नवरी भागूबाई पहिल्याच दिवशी चुलीपाशी डोळे चोळत बसली, तेव्हा हा गडी पहार घेऊन वर चढला. फुटक्या रांजणाचा गळा मातीत बसवून त्यानं माझं तोंड बांधलं आणि वरूनच ओरडला, "दिसून राहिलं का आभाळ?"

"तुमचं तोंडच दिसून राहिलं," खालून भागूबाई म्हणाली. "बाजूला सरा, मग दिसंल आभाळ!"

किती हसले दोघं!

पुढं वर्षानुवर्षं मी धूर गिळला. पऱ्हाट्यांचा, तुराट्यांचा आणि पावसाळ्यात ओल्या गोवऱ्यांचा. शी! तो आठवला तरी मळमळतं. माझ्या कडेवर त्याचा काळा चिकट थर बसला, त्यात जाळी-जळमटं अडकली, माशा मेल्या. मला माझीच किळस यायची. आणि लोक काय म्हणायचे? "धुरानं लाकडाला कीड लागत न्हाई." लाकडाचं केवढं कौतुक! चुलीपुढं बसलेल्या बाईच्या छातीचं मात्र कुणी विचारलं नाही. जे माझ्या कडेवर बसत होतं, तेच तिच्या आतही जात होतं.

नामाजी वारला. बहात्तरचा दुष्काळ सरला. भागूबाई म्हातारी झाली, पण चूल काही सोडीना. घागर उचलली की तिला धाप लागायची, छातीत कळ यायची, डावा हात जड पडायचा. एका पौषात हे फारच वाढलं. मुलगा किशनराव काळजीत पडला. आईवर जीव होता त्याचा, खोटं कशाला बोलू? पण अक्कल!

"आई, ह्या साण्यातनं गार वारं येऊन राहिलं. थंडी बाधली तुला," म्हणत तो वर चढला, माझ्या तोंडावर लोखंडी घमेलं पालथं घातलं आणि वर दगड ठेवला.

झालं! धूर घरातच कोंडला. म्हातारीची तकलीफ आणखी वाढली. सून पद्माबाई घाबरून म्हणाली, "आत्याबाईंना कुणाची तरी नजर लागली." मग काय विचारता! कडुलिंबाचा पाला, ओवा, सुक्या मिरच्या, सगळं निखाऱ्यावर टाकून धुरी दिली. धुरी वाया जाऊ नये म्हणून दारही ओढून घेतलं. दुखणं धुराचं आणि औषध कोणतं, तर धूर! थू! घमेल्याखाली मला ओकारी येत होती, पण भोकानं ओकायचं कुठं? खाली भागूबाई छाती धरून आडवी झाली. तिचे डोळे फिरले.

शेजारची चांगुणाबाई धावत आली. गावात कुणाचा शेवट जवळ आला की हिलाच बोलावतात. तिनं नाडी बघितली आणि मान हलवली.

"किशन, जीव घुटमळून राहिला रे तिचा. जायला वाट न्हाई. साणं उघड, मोकळी होऊ दे तिला."

किशनराव रडत वर चढला. दगड ढकलला, घमेलं भिरकावलं. चांगुणाबाईनं दार सताड उघडलं. तो घाणेरडा धूर भसाभसा माझ्यातून निघाला आणि त्याच्या मागोमाग गार, स्वच्छ वारं आत शिरलं. खाली सगळे हात जोडून उभे होते. भागूबाईनं एक लांब श्वास घेतला. मग दुसरा घेतला. मग डोळे उघडून म्हणाली, "काहून रडून राहिले रे? पाणी द्या की."

जीव बाहेर जावा म्हणून मला उघडलं होतं मित्रांनो, आणि तो आत आला!

दुसऱ्या दिवशी तिला एसटीनं वसमतला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली, चुलीची चौकशी केली आणि किशनरावाला चांगलंच झापलं. "थंडी नाही आणि नजरही नाही. यांचं हृदय दमलंय. धूर छातीतून रक्तात उतरतो, म्हाताऱ्या हृदयाला तो सोसत नाही. बिघडलं ते आता पुरतं दुरुस्त होणार नाही. निदान राहिलंय ते सांभाळा." घरी आल्यावर हे सगळं किशनरावानंच मान खाली घालून चांगुणाबाईला सांगितलं.

चूल परसात गेली. भागूबाईची बाज माझ्याखाली आली. मित्रांनो, तुमच्या घरात म्हातारं माणूस खोकत असेल, छाती चोळत असेल, तर आधी धूर बाहेर काढा. नजर मागाहून उतरवा.

थंडी अजून सरली नव्हती. एका संध्याकाळी माळवदावर पावलं वाजली. हातात तेच घमेलं!

"आई, लई गारठा हाय. रातीपुरतं झाकतो गं."

"झाकायचं तर मी मेल्यावर झाक," खालून भागूबाई म्हणाली. "आता बाजूला सर, आभाळ दिसू दे."