आत्याच्या तोंडचे नाव

ती निळी, तिकोनी पट्टी — अंगठ्याच्या पेराएवढी, कडेला झिजून पांढुरकी पडलेली — खिशातल्या फोनला घासून प्रत्येक खड्ड्यागणिक बारीक वाजत होती, आणि गिटारच्या तारा छेडायची ती एवढीशी चीज आज आपल्याआधीच गाऊ लागली आहे असे वाटून ऋषिराजला मोटारसायकलवर एकट्यालाच हसू येत होते. फोनही थरथरे. दर दोन-चार मिनिटांनी ती थरथर मांडीतून वर चढे आणि छातीत जाऊन बसे... आणखी कोणी त्याचे गाणे ऐकले. सणसर सोडताना आकडा अकरा हजारांवर होता. आता? आता किती असेल?

दोघांच्या मध्ये गिटार होती. मागे रेश्माताई, त्याच्याहून सात वर्षांनी मोठी, वरकुट्याला दिलेली. बारशासाठी काल रात्रीच येऊन राहिली होती. आई आणि बाकीची मंडळी टेम्पोने पुढे निरवांगीला गेली, माधवीच्या माहेरी, जिथे त्याची बारा दिवसांची मुलगी आज पाळण्यात घालायची होती. टेम्पोत गिटार आदळेल म्हणून ताईने ती मांडीवर घेतली. अकरा वर्षांपूर्वी बारामतीहून एसटीने अशीच घेतली होती. शिवणाच्या पैशातून धाकट्या भावासाठी आणलेली, कंडक्टरने ‘हे काय, तंबोरा का?’ म्हणून विचारल्यावर ‘तुमाला काय करायचंय, हाफ तिकीट लावताय का तिला?’ असे सुनावून सगळी एसटी हसवणारी ताई...

उसाचे फड दोन्ही बाजूंनी मागे पळत होते. आज त्याला सगळेच तालात दिसत होते — विजेचे खांब, कालव्यावरचे कठडे, ट्रॉलीमागे लोंबणारी उसाच्या शेंड्यांची वाढे. बारामतीत ठिबकच्या दुकानात दिवसभर नळ्या मोजून तो घरी येई, फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवी, आणि पलीकडे निरवांगीत माधवी बाळासमोर फोन धरी. तो वाजवी. पडद्यावरचे ते मूठभर डोके आवाजाच्या दिशेने वळे... वळे ना? माधवी म्हणे, दुधाच्या दिशेने वळते. पण मला ठाऊक आहे ती कशाकडे वळते. बापाला ठाऊक असते.

आणि मग परवा ताईने नाव सांगितले. राशीला ‘क’ आला होता, नाव ठेवायचा मान आत्याचा, म्हणून तिने आठ दिवस मनाशी घोळवून ते निवडले, आणि फोनवर आवाज खाली आणून म्हणाली, “तुझ्या गाण्यात बसतंय का बघ, म्हणून सांगतीया. माधवीला सुदिक न्हाय सांगायचं. आधी माझ्या तोंडनं पोरीच्या कानात, मग जगाला.” केतकी. तीन सुरांत असे बसले, जणू सूर आधीपासून त्याचीच वाट पाहत होते. काल दिवेलागणीला त्याने गाणे एकदा म्हटले, फोनने टिपले, आणि ज्या पानावर आजवर चाळीस-पन्नास माणसे डोकावत, त्या आपल्या पानावर ते ठेवून दिले. बोटाने दाबले. एवढेच. मनाला विचारायची बोटाला सवयच राहिली नव्हती.

लासुर्ण्याला चहासाठी थांबले, तेव्हा त्याने फोन काढला. चौदा हजार. बेळगावची कोणी बाई, नागपूरचे कोणी आजोबा, दुबईत गाडी चालवणारा कोणी — आणि सगळ्यांनी खाली लिहिले होते: केतकीला आशीर्वाद. केतकी, मोठी हो. आमच्या केतकीची दृष्ट काढा... चौदा हजार लोक माझ्या मुलीला हाक मारताहेत! तो अंगठा वर सरकवत राहिला, नावामागून नाव, तेच नाव, आणि त्या आनंदाच्या अगदी मधोमध, भरल्या ताटात केस सापडावा तसे, त्याला ते दिसले.

मुलीने अजून ते ऐकलेले नव्हते.

त्याने वर पाहिले. बाकड्यावर ताई पिशवी उघडून कुंची नीट करत होती. तिने स्वतः शिवलेली, कानांवर घट्ट बसू नये म्हणून आतून मऊ मलमल लावलेली. कानांवर. उजव्या कानापाशी तिने शिवण मुद्दाम सैल ठेवली होती, म्हणजे कुंची न काढता तोंड नेता यावे. पुसून टाकावे? अंगठा तिथे गेलाही... आणि थांबला. चौदा हजार. पुन्हा असे कधी होईल? संध्याकाळी पुसू, बारसे उरकल्यावर. ताई थोडीच त्या पानावर येते? — आणि हे आपणच मनाशी बोलतो आहोत याची त्याला इतकी लाज वाटली की चहाचा पेला तसाच खाली ठेवून त्याने फोन तिच्या हातात दिला.

“ताई, माझ्या हातनं चूक झालीया.”

तिने गाणे पूर्ण ऐकले. चष्मा वर सारून खालची नावे वाचली, दहा-बारा, सावकाश. मग फोन परत दिला.

“मग आता कुर्र मी कुणाच्या कानात करू? ह्या दुबईवाल्याच्या?”

चहावाला हसला. ऋषिराजला हसता आले नाही. पुसतो, आत्ता पुसतो, असे तो पुटपुटला.

“पुसू नगं. ज्यांनी ऐकलं त्यांच्या कानातनं काढणार हायस का? गाणं झ्याक झालंया, ऱ्हाऊ दे.” तिने कुंचीची घडी घातली, गिटार पुन्हा मांडीवर घेतली. “पाळण्यापाशी वाजव. पर मी नाव घेतल्याबिगर तार छेडायची न्हाय. काय नाव घेतीया ते आधी ऐकायचं.”

मोटारसायकल पुन्हा रस्त्याला लागली. काय नाव घेते ते... म्हणजे? त्याने आरशात पाहिले. आरशात फक्त गिटारची मान होती आणि पदराचा कोपरा. फोन थरथरत होता, पण ती थरथर आता मांडीच्या वर चढत नव्हती. छातीत दुसरेच काही वाजू लागले होते, आणि ते भय नव्हते, याचे त्याला नवल वाटले.

निरवांगीच्या दारात माधवीने पाण्याचा तांब्या देताना हळूच सांगितले की गाणे तिने ऐकले आहे, तिच्या आईनेही. एवढे बोलून तिने नणंदेकडे पाहिले आणि नजर खाली घातली. ताईने तिचा चेहरा कुरवाळला, बाळंतिणीने उभे राहू नये म्हणून दटावले, आणि सरळ पाळण्याकडे गेली.

झेंडूच्या माळा, बायकांची दाटी, हळदीकुंकू लावून लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेला वरवंटा. तो पाळण्याखालून या हातातून त्या हातात फिरला, पाळण्यावरून परत आला. कोणी गोविंद घ्या म्हटले, कोणी गोपाळ घ्या. मेहुण्याने टिपण्यासाठी फोन उंच धरला. ऋषिराजने आपला बंद केला होता. भिंतीशी गिटार मांडीवर घेऊन बसलेल्या त्याच्या उजव्या हातात निळी पट्टी होती, घामाने निसटू पाहणारी.

ताई वाकली. सैल शिवणीतून तिने तोंड आत नेले.

“कुर्रर्र...”

बायकांच्या हाताचे धपाटे तिच्या पाठीवर पडू लागले, हसू उसळले, बांगड्या वाजल्या. रीत म्हणून एवढे पुरे होते. ती उठली नाही. धपाटे थकून थांबले तरी ती वाकलेलीच, ओठ हलत होते, आणि कुंचीतले ते मूठभर डोके तिच्या ओठांकडे वळत होते — दुधाकडे नव्हे, हे आता माधवीलाही दिसत होते.

काय सांगते आहे ती? केतकी? की कावेरी... कल्याणी... कृष्णाई? की त्याला सुचणारही नाही असे लांबलचक काही, ज्यासाठी तीन सुरांचे घर मोडून पाच सुरांचे बांधावे लागेल? मोडू, त्याच्या मनात आले, बांधू. चौदा हजारांना जे ठाऊक होते, ते कदाचित खरे नव्हते. खरे काय ते या घडीला दोघींनाच ठाऊक. आपण गाणे करणारे, आपण बाप, आणि आपणही या दाटीत मान उंचावून वाट पाहणारे एक... किती दिवसांत असे काही न ठाऊक असणे वाट्याला आले नव्हते.

ताईने मान वर केली, पदर सारखा केला, आणि बायकांकडे न पाहता आधी त्याच्याकडे पाहिले.

त्याची डावी बोटे तारांपासून केसभर वर थांबली होती — कुठल्याच सुरावर नाही, आणि म्हणून सगळ्यांवर.