जलेश्वरबाबांचे झिंगेभक्त

सानगडीच्या पलीकडच्या त्या गावात सूर्य अजून उगवायचा होता, पण तलावाच्या पाळीवर पाय ठेवायला जागा उरली नव्हती. काठाच्या पाण्यात झिंगेच झिंगे! मिशा वर काढून, एकमेकांच्या अंगावर चढून सगळे काठाकडे सरकत होते. काठावर पाट मांडून बसले होते जलेश्वरबाबा.

"देखो माताओं! ज्याले तुम्ही रस्स्यात टाकता, तोच माझ्या दर्शनाले आला! त्याले कान नाही, तरी माझा मंत्र ऐकते. तुम्हाले दोन-दोन कान हायेत, तुम्ही काहून ऐकत नाही?"

गर्दीने लगेच दोन्ही कान पकडले. शुभांगीने पकडले नाहीत. हा तलाव तिच्या बचत गटाने पंचायतीकडून ठेक्याने घेतला होता आणि पावसाळ्यात बायांनीच त्यात झिंग्याचं बीज सोडलं होतं. झिंगा हिवाळ्यापर्यंत वीतभर वाढू दिला, तर नागपूरचा व्यापारी दारात येतो. बोटाएवढा असताना काढला, तर आठवडी बाजारात कुणी हिंग लावून विचारत नाही.

बाबांचा हिशोब वेगळा होता. काठावर आलेला झिंगा म्हणे मुक्तीला आलेला, त्याला परत पाण्यात ढकलणं महापाप! असे मुमुक्षू झिंगे बाबांचा शिष्य कैलाश टोपलीने उचलून नेई. इतर बाबांच्या शिष्यांजवळ कमंडलू असतो. या शिष्याजवळ चारचाकी गाडी होती आणि गाडीत बर्फाची पेटी.

"हात जोड वो," सासू सुंदरबाईने शुभांगीला कोपर मारलं. "कोप होईन."

"कोप झालाच हाये, माय. चिखलात किती मरून पडले, पाहा ना."

"ते मुक्त झाले."

"हाव. असंच चाललं तर आमचा गट बी मुक्त होते."

धानाला पाणी सोडण्याआधी तलावाला मूठभर कोंडा वाहायचा, ही गावाची जुनी रीत. बाबांनी त्या मुठीचं टोपलं केलं. दर्शनाच्या आदल्या संध्याकाळी घरोघरचा कोंडा, गूळ, शिळा भात आणि वर ताजं शेण तलावात पडू लागलं. तलावमाता जेवली की लेकरं दर्शनाला येतात, असं बाबा सांगत. लख्ख ऊन, सुटलेला वारा असला की मात्र "आज योग नाही." योग यायचा तो ढगाळ, वारा पडलेल्या दिवशीच. देवाला उन्हाचं वावडं का असावं, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. शुभांगीच्या आलं.

तिने घरच्या गुरांच्या दोन टाक्यांत तलावाचं पाणी भरलं, दोन्हींत थोडे-थोडे झिंगे सोडले. एकीत काही टाकलं नाही, दुसरीत बाबांचा नैवेद्य कालवला. सकाळी सुंदरबाई झाडू घेऊन अंगणात आली आणि थबकली. पहिल्या टाकीत झिंगे तळाशी निवांत फिरत होते. दुसऱ्या टाकीतले भिंतीला चिकटून वर आले होते, काही उलटेही पडले होते.

"माय," शुभांगी म्हणाली, "आपल्या अंगणात बाबा कवा आले होते?"

सुंदरबाईने दुसऱ्या टाकीतलंच पाणी लोट्याने वरून ओतून पाहिलं, तसे झिंगे त्या धारेखाली गोळा झाले. मग तिने मुलाला हाक मारली. "घनश्याम, पाण्याचं इंजिन काढ गा."

तोवर महादर्शनाची दवंडी पिटून झाली होती. नैवेद्य टाकू नका म्हणून शुभांगी घरोघर फिरली, पण दवंडीपुढे तिचं कोण ऐकतं? संध्याकाळी टोपली तलावात रिकामी झालीच. पहाटे झिंगे असे वर आले की काठ काळा दिसू लागला. सूर्य चढेपर्यंत गटाची सगळी मेहनत मरणार होती. बाबांनी डोळे मिटले, कैलाशने पेटीचं झाकण उघडलं आणि पाळीच्या दुसऱ्या टोकाला घनश्यामचं धानाला पाणी देणारं इंजिन भडभडलं. पाइपाचं तोंड बांबूवर उंच बांधलेलं होतं. तलावाचंच पाणी वरून फवाऱ्यासारखं तलावात पडू लागलं.

"बंद करा! मातेले यंत्राचा आवाज चालत नाही!"

इंजिन चालू राहिलं. बाबांनी मंत्राचा आवाज चढवला. हळूहळू त्यांच्या पायाशी असलेल्या झिंग्यांनी तोंड फिरवलं. काठाकाठाने सगळी दिंडी फवाऱ्याखाली जमली.

"बाबा, तुमच्या भक्तायनं गुरू बदलला!" कुणीतरी ओरडलं, आणि पाळीवर हशा पिकला.

"त्या इंजिनात बी माझीच शक्ती हाये!" बाबा गरजले.

"मग त्याले डिझेल कायले लागते?" सुंदरबाईने विचारलं.

बाबांनी घाईघाईने पुन्हा डोळे मिटले.

शुभांगी पाळीवर चढली. "झिंगा दर्शनाले नाही, दम घ्याले वर येते. पाण्यात हवा मिसळलेली रायते, तिच्यावरच तो जगते. आपण टाकलेला कोंडा अन् शेण रातभर सडते, सडता सडता ते हवा खाऊन टाकते. ढग असले, वारा नसला, की पाण्यात हवा आधीच कमी. म्हणून बाबाचा योग ढगातच येते. अन् पेटी भरून कोण नेते, ते तुम्ही दर दर्शनाले पाहून रायले."

कैलाशने गुपचूप गाडी सुरू केली. बायांनी आधी पेटी उतरवून घेतली, मगच वाट दिली. बाबा मागच्या फळीवर बसून गेले, पाट इथेच राहिला.

अर्धेअधिक झिंगे वाचले, बाकीचे गेले ते गेलेच. आणि त्यांना एकट्या बाबाने मारलं नाही. संध्याकाळी ज्या हातांनी त्यांचा गळा दाबला, तेच हात सकाळी जोडले गेले. लोकहो, हात जोडायला ना नाही. पण जोडण्याआधी त्याच हातांनी दोन टाक्या भरून पाहायला काय हरकत आहे?

पुढच्या ढगाळ संध्याकाळी शेजारीण जुन्या सवयीने टोपलं घेऊन पाळीवर आली, तेव्हा सुंदरबाई आधीच तिथे उभी होती. "कोंडा घरी ने, गाईले घाल," ती म्हणाली. "इथं लेकरायले दम घेऊ दे."