शेवाळी शालीचा फोटो

मित्रांनो, खिडकीजवळच्या टेबलावर रुमाल पांघरून बसलेला मी एक जुना रंगीत प्रिंटर आहे. रुमाल धुळीसाठी आहे म्हणतात. पण घरच्यांची त्या रुमालावरची माया बघता, त्या रुमालाखाली काहीतरी असावं म्हणून मला ठेवलं असावं, असा मला संशय आहे.

माझ्या पोटात चार शाया आहेत: काळी, निळी, गुलाबी आणि पिवळी. कारखान्यातून निघताना माझ्यातून फुलांचं एक चित्र काढून पाहिलं आणि 'पास' असा शिक्का मारला. जन्मात मी दिलेली ती एकमेव परीक्षा.

या घरात मला आजींनी आणलं. त्या शाली विणायच्या आणि देऊन टाकायच्या. देण्याआधी शालीचा फोटो माझ्यातून काढून वहीत चिकटवायच्या. रविवार कधी चुकला नाही. नवी शाल नसली तर जुनीचाच फोटो पुन्हा. नव्या शालीचा फोटो तिच्याशेजारी धरून म्हणायच्या, "बघा, धाग्याला धागा जुळला. दुकानात येतो का असा रंग?"

आजोबा पेपरातून मान न काढता म्हणायचे, "छे! तुझ्या यंत्राची सर कुणाला?"

मग आजी आजारी पडल्या. वर्षभर माझ्यातून फक्त दवाखान्याचे कागद निघाले, सगळे काळे. बाकीच्या शाया नुसत्या बसून राहिल्या. त्यांतली पिवळी वाळली.

आजी गेल्या. भिंतीवर लावायला सूनबाईंनी त्यांचा फोटो निवडला. त्यात आजींनी स्वतःसाठी विणलेली एकुलती एक शाल होती, शेवाळी रंगाची. पिवळ्यावाचून हिरवा मी कुठून आणू? शाल निळी आली आणि चेहरा जांभळट. आजोबांनी कागद पाहिला आणि पालथा ठेवला. कुणी मला चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

सूनबाई दुकानात जाऊन आल्या. तिथलं यंत्र मोठं, कागद जाड. शिवाय ते न सांगता फोटो सुधारतं. शाल पोपटी झाली होती, चेहरा गोरा झाला होता आणि सुरकुत्या पुसल्या गेल्या होत्या.

"बाबा, किती छान आल्यात ना आई!"

"छान आहे. पण ही कोण?" आजोबा म्हणाले. "जन्मभर तिला कुणी गोरी म्हटलं नाही. आता गेल्यावर कशाला?"

"दुकानात सांगू का, रंगाला हात लावू नका म्हणून?"

"सांग. पण आधी तिच्याच यंत्रावर बघू."

सूनबाईंनी सफाईचं बटण दाबलं. एकदा, दोनदा, पाचदा. दर वेळी बरीच शाई कागदावर न येता माझ्याच पोटात मुरते. ही गोष्ट आमच्यापैकी कुणी आपणहून सांगत नाही. सहाव्यांदा पिवळी रेघ तुटक उमटली. आठव्यांदा अखंड.

आजोबांनी कपाटातून शाल आणली. खिडकीच्या उजेडात नवा फोटो तिच्याशेजारी धरला. बराच वेळ धरला.

"धाग्याला धागा," ते म्हणाले आणि चष्मा पुसू लागले. चष्मा स्वच्छच होता.

मित्रांनो, खोटं कशाला बोलू? माझा रंग दुकानातल्याइतका टिकत नाही. उन्हात तर लवकर उडतो. म्हणून तो फोटो आतल्या भिंतीवर आहे, आणि दर रविवारी आजोबा माझा रुमाल काढतात. शाली आता नाहीत, म्हणून डब्यात उरलेल्या लोकरीच्या गुंड्यांचे फोटो काढून वहीत चिकटवतात.

तुमच्या घरी माझ्यासारखा कुणी रुमालाखाली बसला असेल, तर आठवड्याला एक तरी रंगीत कागद काढा. जपून ठेवलेली शाई वाळते. आणि ती वाळल्याचं कळतं, ते नेमकं आपलं माणूस कागदावर हवं असतं त्या दिवशी.