खळ लावलेली वात

टक्! सोलापुरातल्या एका कारागिराने माझे दोन भाग पहिल्यांदा एकमेकांवर मिटवले, तो आवाज मला अजून आठवतो. मी मेणबत्तीचा साचा. पोटात सहा मेणबत्त्या मावतात.

मला घरी आणलं चंद्रव्वाने. त्र्याहत्तर साल असेल. सूत मिळत नव्हतं म्हणून तिच्या नवऱ्याचा, ईरप्पाचा, हातमाग बंद होता. ती विड्या वळायची आणि तंबाखूच्या धुळीने तिला दम लागायचा. महिला मंडळात चार दिवस मेणबत्त्या करायला शिकली. दुकानदार धुळाप्पा म्हणाले, "नमुना दाखवा. चांगला जळला तर माल घेतो." म्हणजे विड्यांचं सूप कायमचं भिंतीला टेकवता आलं असतं.

तिने माझ्या आतून तेलाचा बोळा फिरवला. तेवढ्यात ईरप्पा आला. हाताला काम नसलं की माणूस दुसऱ्याच्या कामावर मुकादम होतो, हे मी त्या घरात शिकलो.

मंडळातली वात त्याने चिमटीत धरली. "ह्याला सूत म्हनत्यात? माझ्या मागाचं उरलेलं घे. कसं ताठ हाय बग."

"अवो, त्याला पिठाची खळ हाय की. खळीची वात मेण वढत न्हाय, असं मंडळातल्या बाई म्हनल्या."

"बाईंनी माग बगितलाय का कधी? तीन पिढ्या सुतात गेल्या आमच्या! बिनखळीचं सूत म्हंजे उगडं मानूस."

झालं. ताठ वाती माझ्यात ताणल्या, मेण ओतलं, मला गार पाण्यात उभं केलं. मेणबत्त्या निघाल्या सुरेख, लग्नाला निघालेल्या पाहुण्यांसारख्या. ईरप्पाने टोपी घातली आणि धुळाप्पांना घरी बोलावून आणलं.

काडी ओढली. ज्योत उठली, चरचरली, विझली. पुन्हा काडी, पुन्हा तेच.

"ईरप्पा, मेणबत्तीपेक्षा काड्याच लई जळाल्या की!"

"साचाच खोटा हाय," ईरप्पा म्हणाला. "उद्या भंगारात देतो."

आता मी म्हातारा झालोय, माझी कडी सैल झालीय. पण विनंती तेव्हाचीच आहे, साचा फेकण्याआधी त्यात काय घातलंत ते एकदा बघा.

चंद्रव्वाने विड्यांचं सूप पुन्हा मांडीवर घेतलं. खोकत राहिली.

दुसऱ्या दिवशी ईरप्पा भंगारवाल्याला शोधायला गेला, तशी ती उठली. तेच सूत तिने सोड्याच्या पाण्यात उकळलं, बादलीत खळबळून धुतलं, उन्हात वाळवलं, तीन पदरांचा पीळ घातला आणि मला भरलं. दुपार कलल्यावर धुळाप्पांना पुन्हा बोलावलं.

ज्योत सरळ उभी राहिली. धुळाप्पा मेणबत्ती बोटभर उतरेपर्यंत बघत बसले. "दर सोमवारी माल द्या, अक्का."

तेवढ्यात ईरप्पा दारात आला. जळती मेणबत्ती पाहून त्याने मिशीवरून हात फिरवला. "सूत कुनाचं? आमचं! सगळी खळीची खुबी हाय ती, धुळाप्पा."

धुळाप्पांनी चंद्रव्वाकडे पाहिलं. तिने कोपऱ्यातली बादली पुढे सरकवली. पाणी ताकासारखं पांढरं झालं होतं.

"खळ हितं हाय," ती म्हणाली.

ईरप्पाने बादलीत वाकून बघितलं. मग ती उचलून त्याने मोरीत ओतली, पालथी घातली आणि गल्लीतून निघून गेला.