दाखला नसलेली आत्या

पवनचक्क्यांसाठी जमीन भाड्याने घ्यायच्या आधी कंपनीला एकच गोष्ट पक्की माहीत हवी असते. जमीन नक्की कोणाची? ते शोधणं माझं काम. जुनी खरेदीखतं, वाटण्या, वारसांच्या नोंदी वाचत मागे मागे जायचं, शेवटी अहवाल लिहायचा आणि खाली सही करायची. मालकी स्वच्छ आहे, किंवा नाही.

हे काम आम्ही दोघं नवरा-बायको मिळून करायचो. ही मोठ्याने वाचायची आणि मी लिहून घ्यायचो. जुनं वळणदार अक्षर मला लागत नसे, तिला लागायचं. वाचता वाचता ती मध्येच थांबायची आणि विचारायची, "हा माणूस गेला कुठं?" म्हणजे मागच्या कागदात असलेला कोणीतरी पुढच्या कागदातून नाहीसा झालेला असायचा. तो सापडेपर्यंत ती पुढची ओळ वाचत नसे. चहा गार झाला तरी नाही.

ती गेली त्याला आता वर्ष होईल. हल्ली मीच वाचतो, आणि मोठ्यानेच वाचतो. शेजारच्यांना काय समजायचं ते समजू दे.

टेकडीवरच्या एका जमिनीचे कागद माझ्याकडे आले तेव्हा आजूबाजूच्या सगळ्या जमिनींचे करार झाले होते. हीच एक राहिली होती, आणि चढावर सगळ्यात जास्त वारा हिच्यावरच. मूळ मालकाला एक मुलगा आणि एक मुलगी. मालक गेल्यावर जमीन एकट्या मुलाच्या नावावर झालेली. सोबत त्या मुलाने शपथेवर लिहून दिलेलं, की बहीण वारली आहे आणि तिला मूलबाळ नव्हतं. पुढे तोही गेला आणि जमीन त्याच्या मुलाकडे आली.

मी तिथेच थांबलो आणि रिकाम्या खोलीत म्हणालो, "ही बाई गेली कुठं?"

कंपनीच्या वकीलबाई माझ्या लेकीच्या वयाच्या. मला काका म्हणतात.

"काका, भावाचं शपथपत्र आहे ना? मग अडलं कुठं?"

"मृत्यूचा दाखला नाही."

"इतक्या जुन्या गोष्टीचा दाखला कोण जपून ठेवणार?"

"बाई, माणसाला मरणं इतकं सोपं नसतं," मी म्हणालो. "आमची ही गेली तेव्हा बँकेने दाखला मागितला. गॅसवाल्यांनी मागितला, फोनवाल्यांनी मागितला. वाचनालयात तिचं नाव कमी करायला गेलो तर तिथेही मागितला. दाखला दाखवल्याशिवाय कोणी मेलं असं मानायला कोणी तयार नसतं. या बाईच्या मरणाचा मात्र एक चिटोरा नाही. म्हणजे ती जिवंत आहे असं धरून चालायचं."

त्या म्हणाल्या, "शुक्रवारी वरचे लोक येणार आहेत. तुम्ही सही दिली नाहीत तर ते दुसऱ्याकडून घेतील. पुढची कामंही त्यालाच देतील."

"देऊ देत. माझी सही मिळायची नाही."

मी त्यांना सांगितलं ते खरं होतं, फक्त अर्धं होतं. दाखल्याच्या प्रती मी सगळीकडे दिल्या होत्या. एक प्रत खणात तशीच होती. घराच्या कागदावर आम्हा दोघांची नावं आहेत, ती तशीच ठेवली होती. लेक फोनवर दर वेळी विचारायची, "बाबा, घराचं काम केलंत का?" आणि मी म्हणायचो, "बघतो."

आधी भाच्याकडे गेलो. म्हणजे त्या बाईच्या भाच्याकडे, जमिनीच्या आताच्या मालकाकडे. त्याचं नळाच्या सामानाचं दुकान आहे.

"आत्या? ती केव्हाच गेली," तो म्हणाला.

"कशानं?"

"आजारानं."

"कुठे असायची ती?"

त्याने हातातला नळ खाली ठेवला. "काका, तुम्ही मालकी शोधताय की सोयरीक जुळवताय?"

मी हसलो आणि उठलो. आजाराचं नाव त्याला सांगता आलं नव्हतं. गावाचंही नाही.

दुसऱ्या दिवशी टेकडी चढून गेलो. दम लागला, तरी चढलो. खालच्या बाजूच्या जमिनीत एक म्हातारा शेळ्या चारत होता. त्याला विचारलं, वरच्या जमिनीच्या आधीच्या मालकाची बहीण वारली ती कधी?

"कोण म्हणतं वारली?" तो म्हणाला. "मागच्या थंडीत येऊन माझ्याशी भांडून गेली की! शेळ्या हिच्या हद्दीत शिरल्या म्हणून. भावाच्या घरची पायरी चढत नाही, पण हद्द बघायला दर वर्षी येते."

"असते कुठं?"

"बस स्थानकामागे शिवणाचं दुकान आहे. जपून जा, तोंडाची तिखट आहे."

दुकान एवढंसं होतं. एक मशीन, एक आरसा आणि तारेवर टांगलेले शाळेचे गणवेश. म्हातारी ओठांत टाचण्या धरून एका गिऱ्हाइकाच्या पॅन्टची उंची कमी करत होती. मी नाव विचारलं, तिने मान हलवली. मग मी आलो ते काम सांगितलं.

तिने टाचण्या काढून हातात घेतल्या. "मी मेले?"

"कागदावर."

"कशानं?"

"भाच्याच्या मते आजारानं."

"बरं झालं. जास्त हाल नाही झाले माझे."

गिऱ्हाईक फिसकन हसलं. तिने त्याला पॅन्ट काढून ठेवायला सांगून वाटेला लावलं. मग मशीनपाशी बसली.

"लग्न माझ्या मर्जीनं केलं तेव्हा वडिलांनी माझं नाव टाकलं, ते माहीत आहे मला. पण हे लिहून कोणी दिलं? दादानं?"

मी नक्कल पुढे केली. तिने सहीवरून बोट फिरवलं.

"दादाचीच आहे. मूलबाळ नाही, तेवढं खरं लिहिलंय." बराच वेळ तिने कागद सोडला नाही. "चक्क्यांना माझी ना नाही. वारा काय कोणाच्या बापाचा आहे? पण आधी मला जिवंत करा. मेलेल्या बाईची सही घेऊन काय करणार तुम्ही?"

"त्यासाठीच आलोय."

"बायको असेल ना घरी? एवढं उन्हातान्हात फिरू देते?"

मी सांगितलं. जे सांगायचं नव्हतं तेही सांगितलं, खणातल्या दाखल्यापर्यंत सगळं.

तिने दाताने धागा तोडला. "म्हणजे तुमचं आणि दादाचं सारखंच. मी असून त्याने नाही म्हटलं. ती नसून तुम्ही आहे म्हणताय."

"मी शपथेवर नाही म्हणत," मी जरा चिडूनच म्हणालो.

"दाखला खणात लपवून तेच म्हणताय."

शुक्रवारी मी अहवाल दिला. मालकी स्वच्छ नाही, जमिनीला दोन वारस आहेत, दुसऱ्या वारसाला मी स्वतः भेटलो आहे. वरचे लोक माझ्यावर भडकले. पण भेटलो हे वाक्य लेखी आल्यावर दुसरा कोणी उलट सही करायला धजेना. वकीलबाईंनीच मग दुरुस्तीचा अर्ज तयार केला.

नोंदणी कार्यालयात आम्ही सगळे जमलो. भाचा दारातच थबकला.

"आत्या?"

"हो. वारलेली ती मीच."

त्याने खाली बघितलं. मग हळूच म्हणाला, "वडील गेले माझे. त्यांना आता खोटं ठरवायचं का?"

"त्याला खोटं ठरवायला मी आले नाही रे. मी इथे हजर आहे, एवढंच लिहू दे."

खिडकीतल्या कारकुनाने अर्ज उलटसुलट करून पाहिला. "हयातीचा पुरावा?"

म्हातारीने मनगट आत घातलं. "नाडी बघता येते का?"

भाचा हसला, मग त्याचे डोळे भरले. त्याने सही केली. तिनेही केली. सावकाश, पूर्ण नाव लिहून, बापाच्या आणि भावाच्या नावाखाली.

निघताना ती माझ्या पिशवीकडे बघत राहिली. आत काय आहे हे मी तिला सांगितलं नव्हतं, पण तिने ओळखलं असावं. ती बाकावर बसली, बस चुकली तर चुकली अशी.

मी पुन्हा रांगेला लागलो. माझी पाळी आली तेव्हा घराचा कागद आणि दाखला पुढे सरकवला.

"कोणाचं नाव कमी करायचंय?" कारकुनाने विचारलं.

मी दाखला परत हातात घेतला आणि वाचायला लागलो. तिचं नाव, माझं नाव, तारीख, ठिकाण. सगळं, मोठ्याने.

"आजोबा, ऐकू येतंय मला. हळू वाचा."

मी आवाज कमी केला नाही. शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं.