सीट पुढे घ्यायची नाही

गाडी उभ्या ट्रकच्या मागे घुसली, तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो असा: बरं झालं.

ही गाडी आमच्या ह्यांच्या पहिल्या बायकोची. चालवायचीही तीच, ह्यांना गाडी येत नाही. ती जाऊन वर्षं लोटली, मी ह्या घरात आले, तरी ड्रायव्हरची सीट तिच्याच मापाने मागे सरकवलेली. ती उंच होती, मी पडले बुटकी. पहिल्याच दिवशी सीट पुढे ओढायला गेले, तर ह्यांनी माझा हात धरला आणि पाठीला लावायला उशी आणून दिली. तेव्हापासून मी उशीला टेकूनच गाडी चालवायची. नणंद म्हणते, वहिनी, गेलेल्या माणसाचा कसला हेवा? तिला बोलायला काय जातं. जिवंत सवतीशी निदान भांडता येतं. इथे मेलेल्या म्हशीला मणभर दूध.

गॅरेजमध्ये विमा कंपनीचा सर्व्हेअर म्हणाला, दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या वर जातोय, टोटल लॉस दाखवू, पैसे घ्या आणि मोकळे व्हा. हे ऐकेनात. वरचा खर्च मी घालतो, पण गाडी दुरुस्तच करा, म्हणाले. माझा हात गळ्यात अडकवलेला, आणि हे चेपलेलं बॉनेट कुरवाळत होते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

सर्व्हेअरने विचारलं, अपघात झाला कसा?

"ब्रेक लागला नाही," हे घाईघाईने म्हणाले.

"ब्रेक चांगला आहे," मी म्हणाले. "उशी सरकली. माझा पाय पोचला नाही."

त्याने सीटकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मग सीट पुढे का नाही घेतलीत?"

मी ह्यांच्याकडे नुसती बघत राहिले. हे स्वतःच्या चपलांकडे बघत होते. मग हळूच म्हणाले, टोटल लॉस करा.

जिंकले मी. त्या आठवड्यात घरात गुणगुणत होते, खोटं कशाला बोलू.

गाडी गेली त्या संध्याकाळी मी कामावरून आले, तर गॅलरीत ड्रायव्हरची सीट. सर्व्हेअरला विचारून, मेकॅनिककडून गाडीत दुसरी जुनी सीट बसवून घेऊन, ह्यांनी ही घरी आणली होती. खाली फळ्याही ठोकल्या होत्या. म्हणजे इतके दिवस दाराबाहेर उभी असलेली सवत आता घरात आली, आणि तिला आणली मीच.

हे आत चहा करत होते. मी तरातरा गेले आणि त्या सीटवर बसले. पाय जमिनीला टेकेनात. हे दोन कप घेऊन आले, मला पाहून थबकले. 'ऊठ' म्हणाले, तर सीट उचलून खाली फेकायची, हे मी ठरवलंच होतं.

ह्यांनी कप कठड्यावर ठेवले, आत गेले, आणि तीच उशी आणून माझ्या पाठीमागे सरकवली.